खिडकीबाहेरचा आरसा

मी आरसा बोलतोय. पण माझ्यात बघून कुणी भांग पाडत नाही हो. बेल्जियममधल्या ब्रुज शहरात, एका घराच्या पहिल्या मजल्यावर, खिडकीबाहेर, लोखंडी दांडीवर मला तिरका बसवलाय. आत खुर्चीत बसलं की सगळी गल्ली माझ्यात दिसते, आणि बघणारा मात्र कुणाला दिसत नाही. चोंबडा म्हणा हवं तर. कामच ते माझं!

खुर्ची गोडलीवबाईंची. त्यांचे यजमान अल्डरिकसाहेब राजदूत. देशोदेशी बदल्या, आणि घरी येताना दर खेपेला बगलेत इकडच्याच मुलखातलं एक जुनं फ्लेमिश चित्र. पाचशे वर्षांपूर्वीचं, ओकच्या फळीवर रंगवलेलं.

"अहो, पुन्हा बाळ येशूला घेतलेली मेरीच?"

"हिच्या निळ्या झग्याच्या चुण्या बघ तरी!"

"बघते. तुम्ही माझे गुडघे बघा."

निवृत्त झाल्यावर साहेबांनी खरंच गुडघे बघितले. बाईंच्या संधिवातासाठी घरभर गरम पाण्याच्या नळ्या फिरवल्या. बाई जिना उतरू लागल्या. पण त्या कोरड्या उबेनं फळ्या आकसल्या, आणि मेरीच्या गालावरून हनुवटीपर्यंत चीर गेली.

"बंद करा ती ऊब," बाई म्हणाल्या. "मी दोन-दोन मोजे घालीन."

साहेब दोन दिवस त्या चिरेवरून बोट फिरवत राहिले. तिसऱ्या दिवशी दारात संग्रहालयाची गाडी आली. सगळी चित्रं माझ्यासमोरून गेली. नळ्या गरमच राहिल्या.

भिंतींवर नुसते फिकट चौकोन उरले. "आता हे झुरणार," बाई पुटपुटल्या. मलाही तीच धास्ती.

एका सकाळी साहेब बाईंच्या खुर्चीत सहज टेकले आणि त्यांनी माझ्यात बघितलं. समोरच्या दारात पाववाली लिओंटीन, निळ्या एप्रनमध्ये. ताजा पाव छातीशी धरलेला, बाळ धरावं तसा.

"गोडलीव, ये लवकर! हा निळा बघ! या चुण्या!"

"अहो, ती लिओंटीन. वीस वर्षं समोर राहते!"

"मला कुणी सांगितलं नाही ते?"

"तुम्ही भिंतीकडे तोंड करून बसायचात. उठा, खुर्ची माझी आहे."

साहेब उठले नाहीत. दुसरी खुर्ची आणवली. आता दोघं शेजारी बसतात आणि मला वाटून घेतात.

माझ्या कडेचा पारा उडालाय, पण साहेब मला बदलू देत नाहीत. चित्रं पुसायचं मऊ फडकं आता माझ्यासाठी आहे. या गल्लीतून जाल तर मान वर करून नमस्कार करा. आणि जरा सावकाश चाला. साहेबांची नजर अलीकडे मंद झालीय.