ढब्बूचा हात

मुंगीला तीन वर्षं पुरी व्हायला अजून अवकाश होता, आणि आईशिवाय घराबाहेर पडायची तिची ही पहिलीच खेप. तिचं खरं नाव वेगळं. पण भिंतीच्या कडेकडेने चालायची म्हणून शेजारच्या ढब्बूने तिला मुंगी म्हटलं आणि तेच चिकटलं. ढब्बू पाच वर्षांचा, म्हणजे तिच्या लेखी चांगला थोराड गडी. त्याच्या मामाच्या लग्नासाठी त्याला कोट शिवायला टाकला होता, आणि आज तो अर्धवट शिवलेला कोट अंगावर घालून बघायचा होता.

"मुंगीला पण नेऊ या," हा हट्ट त्याचाच.

"आणि तिने भोकाड पसरलं तर?" त्याच्या आईने विचारलं.

"मी आहे ना!" ढब्बू इतक्या रुबाबात म्हणाला, की मुंगीच्या आईलाही नाही म्हणवेना.

शिंप्याच्या दुकानात पाऊल टाकलं मात्र, मुंगी जागीच थबकली. दाराशीच एक बाई उभी होती. अंगात छान निळा झगा, पण डोकं नाही. हातही नाहीत. मुंगीने ढब्बूच्या आईचा दुपट्टा घट्ट धरला.

"काकू, ती बाई..."

"पुतळा आहे तो बाळा, कपडे अडकवायचा," काकू म्हणाल्या. डोकं कुठे गेलं, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

मग आतून शिंपीकाका आले. उंच, पाठीत वाकलेले, गळ्यात टेप, हातात एवढी मोठी कात्री. आणि ओठांतून टाचण्या बाहेर आलेल्या. काम करताना टाचण्या ओठांत धरायची त्यांची जुनी सवय, त्यामुळे त्यांचं सगळं बोलणं नाकातून चाले. "हं" म्हणजे हो, "अंहं" म्हणजे नाही. मुंगीला हे कोण सांगणार? तिला वाटलं, या माणसाचे दातच असे आहेत.

"मास्तर, गुरुवारपर्यंत होईल ना नक्की?" काकूंनी विचारलं.

"हं."

"मागच्या वेळेसारखं नको हं. लग्न लागलं आणि पँट आली!"

"अंहं, अंहं," शिंपीकाका कळवळून म्हणाले.

ढब्बूला स्टुलावर उभं केलं. कोट चढवला. पांढरे लांब लांब टाके सगळीकडून दिसत होते. शिंपीकाका त्याच्याभोवती फिरले, इथे टाचणी टोचली, तिथे खडूने रेघ मारली. खांद्यापाशी आले तशी त्यांच्या कपाळाला आठी पडली. बाही नीट बसत नव्हती. कच्चा टाका असला की शिंपी उसवत बसत नाही. धरतो आणि ओढतो. शिंपीकाकांनी बाही धरली आणि एक हिसका दिला.

टर्र!

अख्खी बाही त्यांच्या हातात आली. ढब्बूला तेवढीच गंमत सुचली. त्याने आपला हात झटकन कोटाच्या आत ओढून घेतला, मुंगीकडे वळला आणि डोळे फिरवून ओरडला, "मेलो! मुंगे, माझा हात गेला!"

मुंगी रडली नाही. रडायला श्वास लागतो, तो तिच्यापाशी नव्हता. तिने एकदा त्या बिनहाताच्या बाईकडे पाहिलं, एकदा ढब्बूकडे. आता सगळं कळलं. आधी हात, मग डोकं. आणि ढब्बूचा हात तर तिकडे टेबलावर पडला होता, शिंपीकाकांनी ठेवलेला.

हात तुटला की काय करायचं, ते तिला माहीत होतं. तिच्या बाहुलीचा तुटला तेव्हा आईने सुईने परत लावला होता. आईकडे न्यायचा. तिने टेबलाच्या कडेवरून बाही ओढली, छातीशी धरली आणि दाराबाहेर धूम ठोकली.

काकू आरशापाशी कापड बघत होत्या, ढब्बू डोळे मिटून मेल्याचं सोंग करत होता. पाहिलं ते फक्त शिंपीकाकांनी, आणि त्यांच्या तोंडात टाचण्या. "हं! हं! हंऽऽ!" ते ओरडले.

"हो म्हणताय ना, मग झालं तर," काकू मान वर न करता म्हणाल्या.

बाहेर रस्ता होता. मुंगीने तो आजवर आईच्या कडेवरून पाहिलेला. तिथून त्यात दुकानं दिसायची, फुगेवाला दिसायचा. खालून नुसती चाकं दिसत होती, आणि गुडघे. एक मोटारसायकल कानाशी फटफटत गेली. एक कुत्रा आला आणि त्याने बाही हुंगली. "नाही द्यायचा," ती कुजबुजली आणि बाही फ्रॉकखाली लपवली. घर कुठल्या बाजूला? दोन्हीकडे गुडघेच. फुटपाथची कड आली, पलीकडून बस आली, आणि तिने एक पाय खाली टाकला.

मागून कुणीतरी तिचा फ्रॉक धरून गच्चकन ओढलं. दोघंही फुटपाथवर धाडकन बसली. बस धुरळा उडवत गेली.

ढब्बू होता, शिंपीकाकांची ओरड ऐकून धावत आलेला. एका बाहीचा कोट, ठिकठिकाणी टाचण्या, आणि तोंड पांढरंफटक.

"मुंगे, गंमत केली गं मी! हा बघ. हा बघ माझा हात!"

मुंगीने पाहिलं. मग फ्रॉकखालची बाही काढून पाहिली.

"हा पण तुझाच," ती म्हणाली.

"ती बाही आहे वेडाबाई. आत काही नाही. घाल हात आत."

हात घालायची तिची छाती झाली नाही. तिने त्याचा पंजा धरला, तोंडापाशी नेला आणि कचकन चावली.

"आई गंऽऽ!"

दुखतंय. म्हणजे त्याचाच. आणि तेव्हा कुठे मुंगीचा श्वास परत आला, नि तिने असं भोकाड पसरलं की पलीकडच्या दुकानांतले लोक बाहेर आले. तिचं बघून ढब्बूही रडायला लागला. काकू धापा टाकत आल्या, आणि कुणाला आधी जवळ घ्यावं ते न कळून दोघांनाही एकेक चापट मारून पोटाशी धरलं. शिंपीकाका तळहातावर टाचण्या घेऊन दारात उभे होते. तोंड आता मोकळं होतं.

"बाळ," ते शेवटी म्हणाले, "ते दे बरं. शिवून टाकतो."

"नको," मुंगी म्हणाली. "आई लावेल."

बाही तिने घरापर्यंत सोडली नाही. दुसऱ्या हाताने तिने ढब्बूला धरलं होतं, तेही बोटाला नाही, मनगटाला. आणि चालता चालता मधूनच ती जोर लावून ओढी.

"ओढू नको ना गं," ढब्बू म्हणाला.

"बघते," मुंगी म्हणाली, आणि पुन्हा ओढलं.