चौदा मिनिटांचा गोंगाट

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे गाणीबिणी ऐकायला मिळतील अशी आशा कुणी धरणार नाही. माझ्यात आयुष्यभर कुणी एक गाणं वाजवलं नाही. मी माणसांची बोलणी साठवली. आकाराने मी तुमच्या कंपासपेटीपेक्षा थोडा मोठा, पोटात एक कॅसेट मावेल एवढा. माझं लाल बटण बोटं लागून लागून फिकट झालंय आणि झाकणाला रबरबँड आहे. खिटी मोडली तेव्हा तो चार दिवसांपुरता लावला होता. त्याला आता बारा वर्षं झाली.

कारखान्यात मला जोडल्यावर शेवटच्या टेबलावरच्या तपासनिसाने माझ्यासमोर एक-दोन-तीन म्हटलं, मागे फिरवून ऐकलं आणि शेजारच्याला म्हणाला, "याचा कान फार तिखट आहे. माझं पोट वाजलेलंसुद्धा आलंय यात." ती माझी पहिली शाबासकी. तेव्हा मी फुशारलो होतो, कारण तिखट कानाचा पुढे किती त्रास होतो हे मला ठाऊक नव्हतं.

मला विकत घेतलं एका मुक्त विद्यापीठाच्या संशोधन विभागाने. ज्यांना रोज कॉलेजात जाणं जमत नाही, त्यांना घरी पुस्तकं पाठवून शिकवणारं ते विद्यापीठ. तिथे फळे कमी आणि टपालाचे गठ्ठे जास्त. विभागात एक बाई होत्या. त्यांना एकाच प्रश्नाने पछाडलं होतं. नाव घालणारे निम्मे लोक मध्येच शिक्षण सोडतात, ते का? बाकीचे म्हणत, आळशी असतात, दुसरं काय. उचलली जीभ लावली टाळ्याला. बाईंना ते पटायचं नाही. त्या मला पिशवीत घालायच्या आणि सोडून गेलेल्यांच्या घरी जाऊन बसायच्या. रखवालदाराच्या चौकीत, दुकानामागच्या खोलीत, दवाखान्यातल्या आयांच्या जेवणाच्या बाकावर मी बसलो आहे. चहाचे कप माझ्या शेजारी ठेवले जायचे आणि एकदा एक माझ्यावर सांडलाही.

परत आल्यावर मी टायपिस्ट काकूंच्या ताब्यात. काकू कानाला हेडफोन लावत, अर्धं वाक्य ऐकत, मला थांबवत, टाइप करत आणि पुन्हा मागे घेत. एका तासाच्या बोलण्याला त्यांचे सहा तास जात. त्यांची एक पद्धत होती. शब्दांमध्ये जे जे ऐकू येई ते त्या कंसात लिहीत. (बराच वेळ गप्प.) (मूल रडतं, उचलून घेते.) (कुणीतरी आत आलं, आवाज बदलला.) एक मोठे अधिकारी एकदा म्हणाले, "काकू, आम्हाला उत्तरं हवीत, घरातली भांडी कशाला वाजवताय कागदावर?" काकू म्हणाल्या, "साहेब, माणूस भांड्यांसकट बोलतो, मी काय करू?" बाई मान खाली घालून हसल्या आणि कंस तसेच राहिले.

त्या कंसांनीच एकदा मोठं काम केलं. काकूंनी बाईंना दाखवून दिलं की कितीतरी बायकांच्या टेपांवर कुणी खोलीत आलं की उत्तर फिरतं. एकट्या असताना "घरात अभ्यास होतच नाही" म्हणणारी बाई लगेच "तसं सगळं ठीक आहे" म्हणू लागते. बाईंनी त्यावर अहवाल लिहिला, दोन वर्षं भांडल्या आणि रविवारचा वर्ग सुरू झाला. बाईंनी त्यात एक मेख मारून ठेवली, हजेरी सक्तीची. ऐच्छिक म्हटलं असतं तर घरच्यांनी म्हटलं असतं, मग कशाला जातेस? सक्तीचं म्हटल्यावर घरोघरी नाइलाज झाला आणि बायका आठवड्यातून चार तास बाहेर पडू लागल्या. त्या वर्षी माझ्यावर हळदीकुंकू वाहायचंच काय ते बाकी होतं. बाईंनी मला कपाटात ठेवताना रुमालाने पुसलं होतं.

पुढे मोबाइल आला. कानामागून आला आणि तिखट झाला म्हणतात ना, तसला. त्याच्यामागून आली कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रणाली. आवाज तिच्यात टाकायचा, की ती शब्द लिहून काढते, त्यांचे गट पाडते आणि अहवालाचा मसुदाही समोर ठेवते. आता मी तिच्यावर जळतो असं तुम्हाला वाटेल. जळतोच. पण खरं ते खरं म्हटलं पाहिजे. दोन हजार मुलाखती तिने एका दुपारी वाचल्या. तेवढ्याला काकूंना एक जन्म पुरला नसता. तिने बाईंना एक गोष्ट दाखवली, जी त्यांना वीस वर्षांत दिसली नव्हती. पहिली गृहपाठाची वही शेऱ्याविना परत आली की पुढच्या तीन आठवड्यांत माणसं सोडून जातात. बाई त्या दिवशी फार खूश होत्या. नुसता "छान" एवढा शब्द वहीवर नसल्यामुळे लोक गेले, असं त्या काकूंना चार वेळा सांगत होत्या.

काकूंना त्यानंतर प्रणालीने लिहिलेलं तपासायचं काम मिळालं. मग तपासायचीही गरज उरली नाही आणि त्यांची बदली तळमजल्यावर, प्रमाणपत्रांच्या खिडकीवर झाली. जाताना त्या हेडफोन माझ्याभोवती गुंडाळून ठेवून गेल्या.

मग विभागावर नवे साहेब आले. वयाने बाईंहून लहान आणि स्वभावाने वाईट नव्हते. वर्गाच्या खोल्या दुसऱ्या कामाला हव्या आहेत असं त्यांना वरून सारखं सांगितलं जात होतं. ते म्हणाले, "मॅडम, रविवारचा वर्ग खरंच लागतो का, हे विद्यार्थ्यांनाच विचारू. ते जे म्हणतील ते करू." यात नाव ठेवण्यासारखं काय होतं? दोन हजार मुलाखती ठरल्या, त्यांतल्या चाळीस बाईंनी स्वतःकडे घेतल्या. जुनी सवय म्हणून त्यांनी मोबाइलसोबत मलाही पिशवीत टाकलं, पोटात एकच कॅसेट, दर मुलाखतीला मागे घेऊन तिच्यावरच पुन्हा भरायची.

त्या चाळिसांतली शेवटची एक शिवणवाली होती. पदवीचं दुसरं वर्ष, तेही तिसऱ्या खेपेला. आडव्या खोलीत खिडकीशी पायाचं शिलाई मशीन, भिंतीशी कपड्यांचे ढीग आणि आतल्या खोलीत गुडघ्यांनी बेजार झालेल्या सासूबाई. तिने मला आणि मोबाइलला मशीनच्या फळीवर जागा करून दिली आणि बाईंनी प्रश्न विचारताच पायाने मशीन सुरू केलं. बाई म्हणाल्या, "जरा बंद कर ना, आवाज येतोय."

ती खाली वाकून, कापड सरकवत, ओठांतल्या ओठांत म्हणाली, "असू द्या ताई. आवाज आहे म्हणून तर बोलता येतं."

आणि मग ती बोलली. मशीनच्या घरघरीखाली, बारीक आवाजात. रविवार हा एकच दिवस तिचा आहे. घरात पुस्तक उघडलं की कुणाला तरी पाणी हवं असतं, कुणाची तरी बटणं तुटलेली असतात. वर्गात तिला कुणी सूनबाई म्हणत नाही, हजेरीत पूर्ण नाव घेतात. "सक्ती आहे म्हणून सोडतात, ताई. ती सक्ती तेवढी काढू नका. रविवार गेला की माझं शिक्षण संपलं, हे लिहून घ्या." तेवढ्यात चपला वाजल्या. सासूबाई पाण्याचे पेले घेऊन आल्या. मशीन थांबलं आणि ती मोठ्याने, स्वच्छ आवाजात म्हणाली, "सगळं छान आहे. घरी अभ्यास नीट होतो. वर्गावाचून तसं काही अडत नाही."

"मी तरी तेच म्हणते," सासूबाई म्हणाल्या. "घरी बसून शिकता येतं म्हणूनच नाव घातलं ना?"

बाईंनी वहीत काही लिहिलं नाही. लिहायचं कशाला, दोन-दोन ठिकाणी रेकॉर्ड होत होतं. मित्रांनो, माझ्या जातीचा हाच मोठा दोष आहे. आम्ही ऐकतोय म्हटलं की माणसं ऐकायचं सोडतात.

विभागात परतल्यावर सगळे आवाज प्रणालीत घालताना तिने विचारलं, गोंगाट काढून टाकू का? घराघरांतले आवाज ते, टीव्ही, नळ, पोरं, रस्ता. शब्द नीट उमटत नव्हते. साहेबांनी बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "काढा." मूळ आवाज ठेवायला जागा लागते म्हणून ते पुसले गेले आणि स्वच्छ केलेले तेवढे राहिले. शिवणवालीच्या चौदा मिनिटांतून मशीन गेलं आणि मशीनसोबत त्याच्याखालचं बोलणंही गेलं. सव्वादोन मिनिटं उरली. सगळं छान आहे.

अहवाल आला. शंभरांतले ऐंशीहून जास्त विद्यार्थी घरच्या अभ्यासावर समाधानी, रविवारच्या वर्गाची आवश्यकता नाही. बाईंना आकडा जरा जास्त वाटला. पण दोन हजार माणसं थोडीच खोटं बोलतील, आणि मुदत तर त्याच दिवशीची. त्यांनी सही केली. मी शेजारच्या टेबलावर पिशवीत होतो, पोटात ती टेप घेऊन. मला ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो, पण कुणीतरी बटण दाबल्याशिवाय माझ्या तोंडून शब्द फुटत नाही.

बटण दाबलं काकूंनी. त्या विभागात आपली जुनी शाल न्यायला आल्या होत्या. मला पाहिलं, आत टेप दिसली, हेडफोन लावले आणि तिथेच खुर्चीत बसल्या. खिडकीवर रांग होती, तरी त्या उठल्या नाहीत. चौदा मिनिटं त्यांनी दीड तास ऐकली आणि कंसांसकट तीन पानं लिहून बाईंच्या हातात दिली. बाईंनी वाचली. मग त्या पहिल्या पानावर परत गेल्या आणि म्हणाल्या, "काकू, हे माझ्यासमोर बोलली ती. मी होते तिथे." बाई रडल्या. इतकी वर्षं मी त्यांच्या सोबत होतो, पण त्यांचा तो आवाज मी प्रथमच ऐकला.

दोघी मला घेऊन साहेबांकडे गेल्या. साहेबांनी सगळं ऐकलं. त्यांनाही वाईट वाटलं, हे मी त्यांच्या खुर्चीच्या करकरीवरून सांगतो. "मॅडम, एका टेपवरून दोन हजारांचा निष्कर्ष कसा बदलायचा?"

"बाकीचे मूळ आवाज ऐकू ना," बाई म्हणाल्या.

"ते कुठे आहेत? तुम्हीच काढा म्हणालात."

काकू म्हणाल्या, "मग पुन्हा विचारू सगळ्यांना. घराबाहेर बोलावून विचारू."

"पुढच्या वर्षी," साहेब म्हणाले. "निर्णय वर गेलाय." जाता जाता त्यांनी चांगुलपणाने माझी टेप प्रणालीत उतरवून ठेवायला सांगितली, पुरावा म्हणून. ती उतरवली. प्रणालीने न विचारता गोंगाट काढला आणि सव्वादोन मिनिटं ठेवली. काकूंनी आपला मोबाइल माझ्या तोंडाशी धरून पाहिला. त्यानेही घरघर तेवढी गाळली आणि तिच्याबरोबर बाकीचंही गाळलं. पालथ्या घड्यावर पाणी.

महिनाअखेरीस रविवारचा वर्ग बंद झाला. त्यानंतरच्या आठवड्यात बाई शिवणवालीकडे गेल्या. त्यांना तिची माफी मागायची होती, वाटेत त्या पुटपुटून वाक्यं जुळवत होत्या. सासूबाई दारातच बसल्या होत्या आणि त्यांनी बाईंना प्रेमाने आत नेलं. चहा झाला, चौकशी झाली. सासूबाई जागच्या उठल्या नाहीत, तशी माफी राहूनच गेली. शिवणवालीने फळीखालून एक गठ्ठा काढला. दुसऱ्या वर्षाची सगळी पुस्तकं होती, वर्तमानपत्राची कव्हरं घातलेली. ती मोठ्याने म्हणाली, "ताई, ही परत घेता का तुम्ही? दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडतील." बाई म्हणाल्या, "राहू दे तुझ्याकडे." ती म्हणाली, "नको. घरात जागा नाही." मशीनवर अर्धवट कापड तसंच होतं. पण या वेळी तिने मशीन सुरू केलं नाही.

महिन्याभराने प्रणालीने शिवणवालीच्या मोबाइलवर विचारलं, आपण शिक्षण का सोडले, पर्याय निवडा. उत्तर आलं, वैयक्तिक कारण. ते तिने निवडलं की घरात दुसऱ्या कुणी, हे कुणाला माहीत नाही. बाईंनी ते उत्तर छापून माझ्याच कपाटात ठेवलंय. पुढच्या वर्षी सगळ्यांना पुन्हा विचारता यावं म्हणून त्या परवानगीचे अर्ज लिहीत असतात. काकूंचं निवृत्तीचं वर्ष आलंय.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल आणि माझ्याहून हुशार यंत्रं तुमच्या हाताशी असतील. त्यांना राबवा, मला त्याचं काही नाही. पण कुणाला काही विचाराल तेव्हा उत्तर मिळालं म्हणून लगेच उठू नका. दारात कोण उभं आहे ते बघा आणि जे नीट ऐकू आलं नाही, ते पुसून टाकण्याआधी कान जवळ न्या. मला हे सांगायची घाई आहे. टेपेचं वय झालं की तिच्यावरचे आवाज उतरत जातात आणि बारीक आवाज आधी जातात. परवा काकूंनी मला पुन्हा लावलं. "सगळं छान आहे" अगदी खणखणीत आलं. त्याआधीची मशीनची घरघरही आली. तिच्याखाली कुणी बोलतंय एवढं कळलं, पण काय बोलतंय ते काकूंना लागलं नाही आणि मलाही नाही.