घट्टच राहणारी पेज

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात माझा अमरेश दहा महिन्यांचा होता आणि जुलाबांनी त्याचं पार चिपाड झालं होतं. डॉक्टर म्हणाले, सोमवारपर्यंत पोरगं नीट खायला लागलं नाही तर दाखल करा, नाकातून नळी घालावी लागेल. 

दवाखान्यातल्या शबनम सिस्टरनी एक युक्ती दाखवली. नाचण्याची घट्ट पेज शिजवली, बोट सोसेल इतकी निवू दिली आणि मोड आलेल्या नाचण्याचं चमचाभर पीठ त्यात ढवळलं. बघता बघता पेज सैल झाली.

"नुसतं पाणी घालून पातळ केलीस तर त्यात काय ताकद ऱ्हात न्हाय," त्या म्हणाल्या. "ही पातळ बी हाय आणि ताकद बी तेवढीच."

अमरेश चार चमचे प्याला. मोडाच्या पिठाची पुडी घेऊन मी कसबा बावड्याला घरी उडतच आले.

घरी पेज शिजवली, निवू दिली, पीठ घातलं, ढवळलं. पेज ढिम्म! चमचा उभा राहावा इतकी घट्ट. अमरेशनं एक घास घेतला, त्याला ठसका लागला आणि सगळं उलटून पडलं.

मला काही उमगेना. फार निवली म्हणावी, तर दुसऱ्या खेपेला जरा गरम असतानाच पीठ घातलं. मग एकाचे दोन चमचे केले. पातेलं बदललं, विहिरीचं पाणी सोडून नळाचं घेतलं, शेवटी पोराची दृष्टसुद्धा काढली. तीच पुडी, तोच नाचणा, मग तिथं होतं ते इथं का होईना?

"सिस्टरच्या हाताला गुण हाय, तुझ्या हाताला न्हाय," माझ्या सासूबाई, आक्का, म्हणाल्या.

पळी फेकून द्यावी असा राग आला. पण रागापेक्षा भीती मोठी होती. खरंच माझ्या हातात काही नसेल तर?

सिस्टर बावड्यातच राहायच्या. रविवारी मी त्यांना अक्षरशः ओढत घरी आणलं.

"माझ्यासमोर कर बघू," म्हणत त्या पाटावर बसल्या.

मी कोपऱ्यातलं गाडगं उचललं आणि त्यातलं नाचण्याचं पीठ पातेल्यात ओतलं.

"थांब, थांब. आंबट वास कसला येतोय?"

"ताकाचा की. रात्री पीठ भिजवून ठेवलंय."

"ताक कशाला?"

"ताकाबिगर नाचणा कोण खातंय व्हय?" बाहेरच्या सोप्यातून आक्का कडाडल्या. "बाधंल की पोराला!"

आमच्या घरात नाचणा म्हणजे ताकात आंबवलेलाच. त्यात सांगण्यासारखं काही असेल हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

सिस्टर आधी हसल्या, मग कपाळाला हात लावला. "अगं, मोडाच्या पिठात एन्झाइम असतंय. घट्ट पिठाचं बारीक तुकडं करायचं काम त्येचं. जरासं आंबट त्येला चालतंय, पण एवढ्या आंबटात त्येचं कामच बंद पडतंय."

"पण ताकानं पचतं म्हणतात की!" मी म्हणाले.

"ते तुम्ही प्या. याची पेज आधी पातळ हू दे."

माझं डोकं आणखीच गरगरलं. आंबटानं मोडाच्या पिठाचं काम बंद पडतं, हे काय गौडबंगाल? तेवढ्यात आक्का तणतणत आत आल्या. वाटलं, आता भांडण होणार. त्यांनी गाडगं बाजूला सारलं, नाचण्याचं कोरं पीठ साध्या पाण्यात कालवलं आणि पातेलं चुलीवर आदळलं.

पेज शिजली, निवली. मी मोडाचं पीठ घालून ढवळायला घेतलं. आधी हात जड गेला, मग हलका, मग आणखी हलका. पळीवरून पेज धारेनं खाली पडली.

"अगं बया," आक्का पातेल्यात वाकून म्हणाल्या, "तुझ्या हाताला बी गुण हाय की गं."

अमरेशनं वाटी संपवली आणि भोकाड पसरलं.

"काय झालं? पोटात दुखतंय काय?" आक्का घाबरल्या.

"न्हाई ओ," मी म्हणाले, "संपली म्हणून रडतंय." आणि त्याच्यापेक्षा मोठ्यानं मीच रडायला लागले.