ओरखडा काढलेली गोळी

माझा दादा घड्याळजी. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक घड्याळाच्या आतल्या पार्टांवर तो सुईनं बारीक ओरखडा काढून ठेवतो. पुढे कुणी दुसऱ्यानं उघडून पार्ट बदलला आणि गिऱ्हाईक भांडायला आलं, तर ओरखडा आहे की नाही ते पाहून याला लगेच कळतं. धंद्यात ते ठीक आहे. पण तो घरातही तसाच वागतो, आणि तिथे माझं डोकं फिरतं.

त्याच्या मुलीची, म्हणजे माझ्या भाचीची, अग्निशमन दलात निवड झाली होती. धावणं, शिडी, दोर, सगळ्यात पहिली. वैद्यकीय तपासणीत मात्र रक्त कमी निघालं. लोहाच्या गोळ्या घे, रक्त वाढवून ये, तोवर जागा राखून ठेवतो, म्हणाले. पोरीनं गोळ्या सुरू केल्या. पण दर तपासणीला रक्त होतं तिथंच, चेहरा कागदासारखा, आणि जिना चढताना धाप. जागा किती दिवस राखणार ते?

"गोळ्यांनी पोटात जळजळतं म्हणत होती ना? मग घेतच नसणार," दादा माझ्या कानाशी येऊन कुजबुजला. "बेसिनमध्ये टाकत असेल."

"अरे, नोकरी तिला हवीय की तुला?" मी म्हटलं. पण एकदा शंका डोक्यात शिरली की हा कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

टाकलेली गोळी सापडली तर ओळखता यावी म्हणून गुपचूप त्यानं बाटलीतल्या सगळ्या गोळ्यांवर सुईनं ओरखडे काढले. मग कचऱ्याची बादली उपसली, कुंड्यांतली माती उकरली, बेसिनखालचा पाइपसुद्धा उघडला. काही सापडलं नाही. एखाद्याचं समाधान झालं असतं; हा म्हणे, पोरगी पक्की आहे. शेवटी तिच्या जॅकेटच्या खिशात कागदात गुंडाळलेली एक गोळी सापडली. ओरखड्यासकट.

ती घरात आली तशी त्यानं गोळी टेबलावर आपटली. "हे काय?"

"ती डॉक्टरांना दाखवायचीय," ती शांतपणे म्हणाली. "रोज घेऊनही काही फरक नाही, म्हणून काल नीट बघितलं. सगळ्या गोळ्यांवर ओरखडे आहेत, बाबा. दुकानदार भेसळीचा माल देत असणार."

दादाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्यानं गोळी पुन्हा कागदात गुंडाळून तिच्या हातात दिली.

दवाखान्यात आम्ही तिघं गेलो. डॉक्टरबाईंनी गोळी उलटसुलट करून पाहिली. "गोळी चांगली आहे. पण ओरखडा कुणी काढला?"

"मी," दादा खाली बघून म्हणाला.

भाची त्याच्याकडे बघतच राहिली. तिनं दुकानदारावर संशय घेतला होता, बापावर घेतला नव्हता.

पोटातल्या जळजळीचं ऐकून डॉक्टरबाईंनी श्वासाच्या तपासणीसाठी तिला एका पिशवीत फुंकर मारायला लावली. निदान झालं ते असं: तिच्या जठरात जंतू ठाण मांडून बसले होते. त्यांच्यामुळे आतून सूज, आम्ल कमी, म्हणून गोळीतलं लोह रक्तात पोचतच नव्हतं. रक्तातल्या तांबड्या पेशी लहान आणि फिकट झाल्या होत्या, त्याही त्यामुळेच. "मुलगी इमानदारीत गोळ्या घेत होती. आधी जंतू मारू, मग त्याच गोळ्या लागू पडतील," त्या म्हणाल्या.

आणि पडल्या. औषधांचा कोर्स झाला, जळजळ थांबली, गालांवर रंग आला. रक्ताचा नवा रिपोर्ट घेऊन ती आली तेव्हा दादा दुकान बंद करून दारातच उभा होता.

"किती आलं गं?" त्यानं विचारलं.

"डॉक्टरांना विचारा," ती चप्पल काढत म्हणाली. "माझ्या तोंडचं तुम्हाला कुठं खरं वाटतं?"

मग आत स्वयंपाकघरात येऊन तिनं माझ्या गळ्यात हात टाकले आणि हळूच आकडा सांगितला. नोकरी पक्की होती. दादा स्वयंपाकघराच्या दाराबाहेरच उभा होता. मी आनंदानं ओरडणार होते, तर तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला.