नईमच्या नावाने उघडे राहिलेले पान

मित्रांनो, कवठे महांकाळच्या बाहेर बेदाण्याचा एक कारखाना आहे. त्याच्या जेवणघरात, पाण्याच्या पिंपाशेजारी, लोखंडी टेबलावर एक जुना संगणक बसलेला दिसेल. तो मी. माझ्या कळांवरची निम्मी अक्षरे पुसली गेली आहेत आणि उरलेल्या कळा बेदाण्याच्या साखरेने चिकट झाल्या आहेत. तरी मी चालतो.

माझी जोडणी सांगलीतल्या एका दुकानात झाली. पहिली काही वर्षे मी हिशेब विभागात होतो. तिथे गारवा होता, धूळ नव्हती आणि माझ्याकडून फक्त बेरजा करून घेतल्या जात. पुढे मी मंद झालो आणि माझ्या जागी नवा आला. मला वाटले, आता भंगारात जाणार. पण त्याच सुमारास कारखान्याचे मालक आप्पासो यांच्या मनात एक कल्पना आली.

आमच्या कंपनीचे दोन कारखाने आहेत. इथे बेदाणा होतो, आणि तिकडे सातारा जिल्ह्यात रहिमतपूरला आल्याची सुंठ आणि पूड होते. दोन्हीकडच्या माणसांना एकमेकांशी आणि कचेरीशी बोलता यावे म्हणून कंपनीने आपल्यापुरते एक संकेतस्थळ काढले. बाहेरच्या जगाला ते दिसत नाही. त्यावर एक पान फक्त चर्चेसाठी होते. सगळे त्याला ‘आतले पान’ म्हणू लागले. कचेरीतल्या लोकांकडे आपापले संगणक होते. कामगारांसाठी मला पुसून जेवणघरात बसवले.

उद्घाटनाला आप्पासो माझ्यासमोर उभे राहून म्हणाले, “मनात काय ठेवू नका. खटकतंय ते लिवा. लिवणाऱ्यावर कुणी राग धरायचा न्हाई, ह्यो माझा शब्द.”

टाळ्या वाजल्या. मला फार बरे वाटले. इतकी वर्षे आकडे सांभाळले होते, आता माणसांचे बोलणे सांभाळायचे होते.

प्रत्येक कामगाराला स्वतःचे नाव आणि परवलीचा शब्द मिळाला होता. बहुतेकांनी तो हरवला. नईम मुलाणीने मात्र पाठ केला होता. नईम बेदाणा साफ करण्याचे यंत्र चालवतो. बरीच वर्षे तो ठेकेदाराच्या हाताखाली होता आणि त्या दिवाळीला त्याला कंपनीत कायम करून घेणार होते. रोज सकाळी तो माझ्यावर आपली कामाची पाळी बघायचा आणि पान तसेच उघडे टाकून कामाला पळायचा. पडद्याच्या कोपऱ्यात ‘बाहेर पडा’ असे बटण आहे. त्याला कुणी कधी हात लावला नाही.

मग जेवणाच्या सुट्टीत बाकीचे येत.

“नईमभाऊ, तुमचं उघडंच हाय तर माझं बी दोन ओळी लिवून घेते,” धुरीच्या खोलीत काम करणारी मंगल पाटोळे म्हणायची.

“लिवा की वहिनी. पान काय माझ्या बापाचं हाय?”

सुरुवातीला लोक ओळीखाली आपले नाव लिहीत. मग तेही सुटले. कुणीही लिहिले तरी वर ‘नईम मुलाणी’ असेच उमटे. कुणाला त्यात काही गैर वाटले नाही. मला वाटायचे. कळा दाबणारी बोटे मी ओळखतो. पिशव्या भरणारा साईराज एका बोटाने टकटक करतो, मंगल प्रत्येक अक्षर शोधून दाबते. पण बोटे ओळखून काय उपयोग? मी फक्त नाव जपून ठेवू शकतो, आणि ते नाव एकाच माणसाचे होते.

तरीही त्या पानाने चांगले काम केले, हे सांगायलाच हवे. पावसाळ्यात आमचा बेदाणा पिशवीत चिकटून त्याचे गोळे व्हायला लागले. माल परत येऊ लागला. साईराजने नईमच्या उघड्या पानावर विचारले, “तिकडे पूड चिकटते का? तुम्ही काय करता?” रहिमतपूरचे गोदाम सांभाळणाऱ्या विजयमालाबाईंचे उत्तर आले. वाळवणीतून निघालेला गरम माल लगेच पिशवीत बंद केला की त्याची वाफ आतच राहते, निवताना तिचे पाणी होते आणि माल ओला होतो. आधी पसरून पूर्ण गार करा, मग भरा. करून पाहिले. गोळे बंद झाले. दोन गावांतल्या दोन माणसांना एकमेकांचे तोंडही माहीत नव्हते, आणि माल वाचला.

आप्पासोंनी पुष्पगुच्छ दिला. कुणाला? नईमला.

“आवं साहेब, ते मी न्हाई विचारलं,” नईम सांगत राहिला. तोवर फोटो निघाला होता.

साईराज हसून म्हणाला, “वा रं गड्या! डोकं माझं आन् फोटू तुझा! निदान चहा तरी पाज.”

सगळे हसले. मला हसता येत नाही, पण आले असते तरी मी हसलो नसतो. कौतुक चुकीच्या माणसाकडे गेले तेव्हा कुणाला खटकले नाही. राग चुकीच्या माणसाकडे गेला तर काय होईल, याचा विचार त्यातल्या एकानेही केला नाही.

तो प्रसंग लवकरच आला. पर्यवेक्षक लालासाहेब यांना दुपारी गोदामात डुलकी घ्यायची सवय होती. साईराजने एके दिवशी टकटक केले, “लालासाहेब सापडत नसतील तर पोत्यांमागं जा. घोरणं ऐकू आलं की डावीकडं वळा.” रहिमतपूरपर्यंत हशा पिकला. लालासाहेबांनी फक्त वरचे नाव वाचले.

आणि मग पंखा बंद पडला.

बेदाण्याला पिवळा रंग यावा म्हणून त्याला बंद खोलीत गंधकाची धुरी देतात. नंतर पंखा लावून तो वायू बाहेर काढतात आणि मगच माणसे आत जाऊन बेदाणा पसरलेल्या जाळ्या उचलतात. पंखा बंद पडल्यावर दार उघडून वाट बघायची, एवढेच हातात राहिले, आणि वायू सगळ्या कारखान्यात पसरू लागला. गंधकाच्या वायूचा ओलाव्याशी संबंध आला की आम्ल तयार होते, आणि माणसाचे डोळे व घसा तर कायम ओलेच असतात. मंगलने लालासाहेबांना तोंडी सांगितले. ‘बघू’ म्हणाले. पुन्हा सांगितले. ‘बघतोय’ म्हणाले. शेवटी ती माझ्यापुढे बसली आणि अक्षर अक्षर शोधून तिने लिहिले, “धुरीच्या खोलीचा पंखा बंद आहे. सांगून सांगून दमलो. खोकून जीव जातो. आप्पासोंनी एकदा आत येऊन उभे राहावे.”

वर नाव नईमचे.

संध्याकाळच्या आत कचेरीने ती ओळ पुसून टाकली. दुसऱ्या दिवशी नईमला कचेरीतून बोलावणे आले. तो परतला तेव्हा जेवणे चालू होती.

“कुणी लिवलं ते?” त्याने विचारले.

सगळे भाकरी मोडत राहिले.

“पंखा नीट हाय, माझं लिवणं चुकीचं हुतं, असं पानावर लिव म्हणत्यात. न्हाईतर कायमचा कागद थांबला.”

“मग लिव की गड्या दोन ओळी,” साईराज म्हणाला. “कायम झाल्यावर काय बोलायचं ते बोल.”

“पंखा चालू हाय म्हणून लिवू? काल तू बी खोकत हुतास न्हवं?”

“मग मी लिवलंच न्हाई म्हण.”

“म्हणलं. तर म्हणत्यात, कुणी लिवलं त्याचं नाव सांग.” नईमचा आवाज चढला. “पुष्पगुच्छ घेताना ऐकलं न्हाई कुणी माझं, आता बी ऐकत न्हाईत.”

तो माझ्यापुढे बसला. ‘पंखा’ एवढे लिहिले आणि पुसले. पुन्हा लिहिले, पुन्हा पुसले. मला सगळे ठाऊक होते आणि मला तोंड नव्हते. मित्रांनो, यासारखा वैताग नाही.

तेवढ्यात मंगल अर्धी भाकरी ठेवून उठली. हात धुऊन आली.

“उठा नईमभाऊ.”

“वहिनी, तुमी?”

“मीच. मला वाटलं, गाऱ्हाणं सगळ्यांचंच हाय, नाव कशाला पायजे त्याला. तुमचं लागतंय हे ध्यानातच आलं न्हाई.”

तिने कोपऱ्यातले ते बटण दाबले. एवढ्या काळात पहिल्यांदा नईमचे नाव पडद्यावरून गेले. कामगारांचे कामकाज बघणाऱ्या प्रियदर्शनी मॅडमकडून ती नवा परवलीचा शब्द घेऊन आली. तो चुकला. पुन्हा चुकला. शेवटी पान उघडले आणि तिने लिहिले, “पंख्याचे मी लिहिले होते, नईमभाऊंनी नाही. पंखा अजून बंदच आहे.” वर नाव उमटले, मंगल पाटोळे.

तिच्यामागे साईराज येईल अशी माझी अपेक्षा होती. त्याच्याही दोन ओळी नईमच्या नावावर पडून होत्या, एक गोळ्यांची आणि एक घोरण्याची. तो ताट घासून निघून गेला.

ती ओळ पुसली जाण्याआधी रहिमतपूरने वाचली. विजयमालाबाईंनी खाली लिहिले, “आमच्याकडे एक चालू पंखा जादा आहे. उद्याच्या गाडीत घालते.” आता दोन्ही कारखान्यांना कळले होते, त्यामुळे कचेरीला नको म्हणण्याची सोय उरली नाही. पंखा आला आणि बसला.

इथे गोष्ट गोड करून संपवता आली असती. पण तसे झाले नाही. नईमचा कागद ‘पुढे बघू’ म्हणून मागेच राहिला. आणि आतल्या पानाला नवा नियम लागला. कामगारांची ओळ आधी लालासाहेबांकडे जाणार, त्यांनी मान्य केली तरच सगळ्यांना दिसणार. तोवर ती फक्त लिहिणाऱ्याला, राखाडी रंगात दिसते. लालासाहेब वाढदिवसाच्या शुभेच्छा लगेच मान्य करतात. पान आता छान रंगीत दिसते. विजयमालाबाईंना कुणी काही विचारत नाही, कारण विचारलेले तिकडे पोचेपर्यंत हंगाम निघून जातो.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, कुणी यंत्रावर उभे राहाल, कुणी कचेरीत बसाल. लिहाल ते स्वतःच्या नावाने लिहा. दुसऱ्याच्या उघड्या पानावरून बोलणे सोपे असते, त्याचा भार मात्र त्याच्या डोक्यावर बसतो. आणि लोकांना ‘मोकळे बोला’ असे सांगायची पाळी तुमच्यावर आली, तर आधी ते वाचायची तयारी ठेवा. ती नसेल तर माझ्यासारख्या जुन्या संगणकाला भंगारात जाऊ द्या. ते परवडले.

मंगल अजूनही लिहिते. परवा तिने लिहिले, “धुरीच्या खोलीची कडी आतून उघडत नाही. दार ओढले गेले तर माणूस आत अडकेल.” ओळ राखाडी आहे. लालासाहेब भाचीच्या लग्नाला मेढ्याला गेले आहेत. नईम कचेरीत तोंडी सांगून आला. “पानावर टाका, साहेब आल्यावर बघतील,” असे उत्तर मिळाले.

आजची सुट्टी आत्ताच संपली. मंगलने पान उघडून पाहिले, ओळ अजून राखाडीच होती, आणि ‘बाहेर पडा’ दाबून ती धुरीच्या खोलीकडे गेली. नईमने कोपऱ्यातला बेदाण्याचा एक रिकामा क्रेट उचलला आणि दार ओढले जाऊ नये म्हणून तो दाराला आडवा लावायला तिच्यामागून गेला.