फिल्टरवरचा सात

मार्लिस वाव्रानं बोनेट उघडलं आणि आधी इंजिनावर हात ठेवला. इंजिन कोमट होतं.

"मी फोनवर सांगितलं होतं ना, मी येईपर्यंत चालू करू नका म्हणून?"

"अगं, शेडमधून बाहेर काढायला नको का? ढकलत आणू?" लूमिर कुबिचेक हसला. सत्तरी ओलांडलेला माणूस, मार्लिसच्या वडिलांबरोबर तीस वर्षं चर्चमध्ये एकाच बाकावर बसलेला. आल्या आल्या त्यानं तिचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला होता आणि जरा जास्तच वेळ धरून ठेवला होता. "तुझ्या वडिलांचे डोळे आहेत तुला, पोरी," असंही म्हणाला होता.

शेडपासून इथवर पन्नास पावलं. तेवढ्यानं इंजिन कोमट होत नाही. थंड इंजिन पहिल्या झटक्याला कसं सुरू होतं, धूर कसला सोडतं, हे तिला बघायचं होतं. ते आता दिसणार नव्हतं.

तिनं ऑइलची पातळी बघायची डिपस्टिक ओढली. ऑइल मधाच्या रंगाचं होतं, आरपार दिसणारं. डिझेल इंजिनात नवं ऑइल शंभर मैलांतच काळं पडतं.

"कालच बदललं," लूमिर म्हणाला. "म्हटलं, जोसेफची मुलगी येतेय, तिला जुन्या ऑइलचा ट्रक कसा द्यायचा?"

"बघ, आपल्या माणसाकडून घेतलं की असं असतं," ड्वेन म्हणाला.

ड्वेन म्हणजे मार्लिसच्या धाकट्या बहिणीचा नवरा. तो मेकॅनिक होता, म्हणूनच तिनं त्याला बरोबर आणलं होतं. हा ट्रकही त्यानंच सुचवलेला. तो तंबाखू चघळत उभा होता आणि दर दोन मिनिटांनी शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत थुंकत होता. बाटली निम्मी भरली होती. सकाळी येताना गाडीत ती त्या दोघांच्या मध्ये, कप ठेवायच्या खाचेत डुचमळत आली होती.

मार्लिसला ट्रक हवा होता, आणि आजच हवा होता. अकरा वर्षं ती दुसऱ्याचा ट्रक चालवत होती. कुठे जायचं, कधी झोपायचं, घरी कधी परतायचं, हे ओमाहा शहरात बसलेला एक माणूस फोनवरून ठरवायचा. गावाबाहेरच्या धान्यकोठाराच्या व्यवस्थापकानं तिला शब्द दिला होता. एक सप्टेंबरला स्वतःचा ट्रक घेऊन ये, मक्याची अख्ख्या हंगामाची वाहतूक तुझी. पण शनिवारी दुपारपर्यंत कळव, तुझ्यामागे दुसरा उभा आहे. सहा आठवड्यांत तिनं नऊ ट्रक पाहिले होते. हा दहावा. आज शनिवार होता.

"अडतीस हजार," लूमिर म्हणाला. "तुला म्हणून."

"टायर मागचे चारही गेलेत. तेहतीस."

"तेहतीस? पोरी, तेहतिसात मी तुला त्याचा आरसा देईन."

"आरसाही फुटका आहे."

लूमिर मोठ्यानं हसला. त्याची बायको कागदात गुंडाळलेले कोलाची घेऊन आली, खसखस भरलेले गोड पाव, अजून गरम. मार्लिसनं नंतर खाते म्हटलं. ड्वेननं तंबाखू थुंकून दोन खाल्ले.

बोलणी छत्तिसावर आली, मग पस्तिसावर. लूमिरनं टोपी काढली, घातली, जोसेफची आठवण काढली, डोळे पुसले. चौतिसावर थांबला आणि हात पुढे केला. तिला हव्या त्या किमतीपासून आता हजारच डॉलरांचं अंतर होतं.

"एकदा खालून बघते," मार्लिस म्हणाली.

"मी बघितलंय," ड्वेन पटकन म्हणाला. "कशाला कपडे खराब करतेस? त्यासाठीच मला आणलंस ना?"

ती पाठीवर झोपून ट्रकखाली सरकली. ट्रक चालवायला लागण्याआधी तिनं सात वर्षं दूध तपासायच्या प्रयोगशाळेत काढली होती. कुणी बघितलंय म्हटलं की पुन्हा बघायची सवय तिथली.

ऑइल फिल्टर नवा कोरा होता. त्यावर पांढऱ्या मार्करनं तारीख आणि मैल लिहिले होते, मेकॅनिक लिहितात तसेच. कालची तारीख, सतरा. सातच्या पोटातून एक आडवी रेघ होती.

जर्मनीतल्या लष्करी तळावर दोन वर्षं काढून आल्यापासून ड्वेन सात असा, तिकडच्या पद्धतीनं रेघ मारून लिहायचा. मार्लिसच्या स्वतःच्या गाडीच्या फिल्टरवर असेच सात होते. ते तिनं कितीदा पाहिले होते.

ती तशीच पडून राहिली. शेजारी ड्वेनचे बूट दिसत होते, आणि बुटांजवळ थुंकीचा एक तपकिरी थेंब.

गुरुवारी बहिणीच्या घरी जेवताना ती म्हणाली होती, ऑइलचा नमुना घेऊन तपासायला पाठवणार आहे. टेबलाशी तिघंच होते. बहीण बटाटे वाढत होती. ड्वेन म्हणाला होता, "हुशार आहेस तू, मार्लिस."

ती बाहेर आली आणि कुणाशी न बोलता शेडच्या मागे गेली. ऑइल काढायचा घमेल्यासारखा काळा टब तिथंच होता. जुनं ऑइल त्यात होतं. ते काळं नव्हतं, दूध घातलेल्या कॉफीच्या रंगाचं होतं, आणि वर साय धरल्यासारखा चिकट थर होता. त्यात एक माशी अडकून पाय हलवत होती. इंजिनातलं पाणी ऑइलमध्ये मिसळत होतं. हे इंजिन मक्याच्या पहिल्या दहा खेपाही टिकलं नसतं. वास गोड होता, कुजकट गोड.

दोघं मागोमाग आले.

"ते दुसऱ्या ट्रकचं," लूमिर म्हणाला.

"फिल्टरवर ड्वेनचं अक्षर आहे."

लूमिरनं घसा साफ केला. "सत्तावीस."

मार्लिस ड्वेनकडे बघत होती.

"बरं, बावीस. बावीस हजार, पोरी! हा व्यवहार आहे, जिवाला लावून घेऊ नकोस. तुझे वडील असते तर—"

"तर तुम्ही त्यांनाही हाच विकला असता."

"बावीसला घेऊन टाक," ड्वेन हळू आवाजात म्हणाला. "हेड गास्केटच फाटलं असेल, पाणी तिथूनच येतंय. मी करून देतो. फुकट करून देतो, शप्पथ."

बावीस ही वाईट किंमत नव्हती. तिनं मनातल्या मनात हिशोब केला, कारण तो आपोआप होतो. दुरुस्ती नीट झाली तर पहिल्या तारखेला ट्रक उभा राहिला असता. नीट करणारे हात मात्र हेच होते.

"तुला किती मिळणार होते?" तिनं विचारलं.

ड्वेननं बाटलीत थुंकायला घेतलं, पण थुंकला नाही. "पंधराशे."

"त्यांनी आधी किती सांगितले होते?"

"म्हणजे?"

"म्हणजे तू घासाघीस केलीस का?"

ड्वेनला प्रश्न कळायला वेळ लागला. "नाही," तो म्हणाला. "पंधराशे म्हणाले, मी हो म्हणालो."

लूमिरनं पुन्हा हात पुढे केला. "वीस. शेवटचं."

मार्लिसनं त्या हाताकडे पाहिलं आणि ती आपल्या गाडीकडे चालू लागली. ड्वेन मागोमाग येऊन बसला. त्याला तिथंच टाकून यावं असं तिच्या मनात आलं, पण बहीण घरी वाट बघत होती.

सोळा मैल गेले. पेट्रोल पंपावर तिनं गाडी थांबवली आणि बाहेर उभं राहून कोठाराच्या व्यवस्थापकाला फोन लावला.

"ट्रक मिळाला नाही. दुसऱ्या माणसाला सांगा."

"अरेरे. खराब निघाला?"

"हो."

"बरं झालं, मेकॅनिक बरोबर होता तुझ्या."

ती आत गेली. बेसिनवर वाळूसारखा खरखरीत नारिंगी साबण होता. तिनं हात तीनदा धुतले, कोपरापर्यंत. ऑइलचा वास गेला. लूमिरनं धरलेला हात तिनं चौथ्यांदा धुतला. सोमवारी पहाटे ओमाहाहून फोन येईल आणि ती जाईल.

ती परत आली तेव्हा गाडीत खसखशीचा वास भरला होता. ड्वेनच्या मांडीवर लूमिरच्या बायकोनं दिलेली पुडी उघडी होती, आणि तो तोंडातलं चावत होता.

"तुझ्यासाठी एक ठेवलाय," तो म्हणाला.