चौथा लॉर्ड

आईंना न्यायचं ही माझीच हौस. देवदत्तच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, पीएचडीची शेवटची तोंडी परीक्षा होती. बर्लिनमध्ये ती सगळ्यांसमोर होते. सासूबाईंना जर्मनचा गंध नाही, म्हणून मी शेजारी बसून हळूच मराठीत सांगत होते.

प्रबंध एका इंग्रज सरदारी किताबावर, ‘लॉर्ड हार्नवेल’. मूळ घराणं वारसाविना संपलं, किताब बुडाला आणि साठेक वर्षांनी राजाने दूरच्या नातलगासाठी तो पुन्हा जिवंत केला. मेलेला किताब उठवतात कशाला, हे नवऱ्याने पाच वर्षं उगाळलं आणि मी मुकाट ऐकलं.

पडद्यावर वंशावळ आली. तिसऱ्या, म्हणजे मूळ घराण्यातल्या शेवटच्या, लॉर्डने एक मुलगा दत्तक घेतला होता. घाईत केलेल्या चित्रात देवदत्तने त्याला बापाखाली सरळ रेघेने जोडून ‘चौथा लॉर्ड’ लिहिलं होतं. आपल्याकडे लिहितात तसं.

प्राध्यापकांनी चष्मा काढला. “तर मग, मिस्टर गोगटे. हा वारस असेल तर किताब बुडालाच नाही. मग तुमचा प्रबंध कशावर उभा आहे? तो वारस होता की नव्हता?”

उत्तर सोपं होतं. त्या इंग्रजी कायद्यात दत्तक मुलगा किताबाचा वारस नव्हे. प्रबंधात देवदत्तनेच तसं लिहिलंय. पण त्याची नजर आमच्या बाकाकडे.

देवदत्त स्वतः दत्तक आहे. सासऱ्यांना अग्नी देताना त्यांच्या भावाने, विलासकाकांनी, त्याचा हात धरला होता, “हा आमचा नव्हे” म्हणून. आईंनी काकांचा हात झटकून टाकला. काकांचं तोंड मी आजही बघत नाही.

“काय विचारतोय गं तो?” आई कुजबुजल्या.

“काही नाही आई, कुठलं तरी साल.”

“खोटं बोलू नकोस. त्याचा चेहरा बघ.”

मग सांगितलं, सगळं. सांगताना मला प्राध्यापकांचा, देवदत्तचा, स्वतःचासुद्धा भयंकर राग येत होता.

“मी बसलेय म्हणून अडलाय होय?” आई म्हणाल्या. पर्स उचलून, गुडघ्यावर हात टेकत उठल्या आणि सगळ्यांदेखत बाहेर गेल्या.

दार लागलं.

“नाही,” देवदत्त म्हणाला. “कायद्याने तो वारस नव्हता. चूक माझी.” प्राध्यापकांनी मान डोलावली.

निकाल ठरवायला आम्हाला बाहेर काढलं. मी धावतच गेले. आई भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. जर्मनचा एक शब्द न कळणारी ती बाई, दोन्ही कानांत घट्ट बोटं घालून.